‘जीप थांबवा’ म्हणायची लाज

“मॅडम, बोलले तर पुढच्या फेरीला माझं नाव गाळतील ना?” फील्डवर काम करणारी मुलं-मुली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे कधी ना कधी विचारतातच. त्यातली एक गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून.

ती बेडकांवरच्या संशोधन प्रकल्पात काम करणारी प्रोजेक्ट फेलो. पावसाळ्यात राधानगरीच्या बाजूला रात्रीचा सर्व्हे. टीममध्ये पाच पुरुष आणि ही एकटी. आली ती झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं, वर्षात तिसऱ्यांदा लघवीचा संसर्ग झालाय. फील्डच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नव्हती. एकदा जीप थांबवायला सांगितली, तर मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, “झालं, आता दर किलोमीटरला थांबा!” सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर बाटली भरलेलीच घरी परत यायची.

मी विचारलं, “घोणस दिसली तर ओरडशील?”

“लगेच.”

“चक्कर आली तर?”

बराच वेळ गप्प. मग, “दोनदा आलीय. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रात्री. शेवाळावरनं पाय घसरला म्हणून सांगितलं.”

मला राग आला, तिचा नव्हे. या टीमकडे जळवांपासून वाचवणारे लीच सॉक्स होते, गवा आडवा आला तर काय करायचं ते पाठ होतं, साप चावल्यावर कुठं न्यायचं तेही ठरलेलं. आणि माणूस चक्कर लपवत होता.

तक्रार करायची तिची तयारी नव्हती. मीही ढकललं नाही. एवढंच सांगितलं की थट्टा लैंगिक वळणावर गेली, तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामासाठी गेलेलं रान आणि नेणारी संस्थेची जीपही कामाची जागाच धरतात, आणि संस्थेच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. मग तिच्या संशोधनाच्या गाइडसमोर बोलायचं एक वाक्य घोटलं: “सर, मला फील्डवर दोनदा चक्कर आली आणि मी ती लपवली.”

दुसऱ्या दिवशी सरांचा मला फोन. “मुलींना न्यायचंच बंद करू का? जबाबदारी नको.” म्हणजे तिची भीती खोटी नव्हती.

मी म्हटलं, “सर, उद्या दुसरं कुणी लपवेल. तुमच्या ड्रायव्हरची तब्येत कशी असते?”

थोड्या वेळानं म्हणाले, “त्याला शुगर आहे खरी.”

मग जूनआधी अर्धा दिवस मी सगळ्या टीमबरोबर बसले. ठरलं ते साधंच. दर दीड तासानं जीप थांबणार, कुणी न सांगता. कुणीही ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं ते सकाळी. टोमणा आला तर तोडायचा टीमच्या प्रमुखानं, ज्याला लागला त्यानं नव्हे. वाट दाखवणारे गावातले मामा दारापाशी उभे होते, त्यांना आत बसवलं. ते म्हणाले, “तुमी रातीचं कुटं जाताय ते गावात कुणालाबी सांगत न्हाई. रेंज तर न्हाईच. हुडकायचं कुटं?” दोन वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता निघताना रस्ता आणि परतायची वेळ लिहून गावात ठेवतात.

ऑगस्टमध्ये ती भेटून गेली. मागच्या सीटवरचा अजून कुरकुरतो म्हणे. जीप थांबली की पहिला उतरतो मात्र तोच.