पुढे विमान नको: कोपनहेगन ते टॅलिन, बोट आणि रेल्वेने

20 मे ते 6 जून, म्हणजे 17 रात्री. कोपनहेगनला उतरायचं आणि पुढे ओस्लो, बर्गन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन हे सगळं रेल्वे आणि बोटीने करायचं. बरोबर 66 वर्षांची आई (शाकाहारी, गुडघे दुखतात) आणि 9 वर्षांची मुलगी. युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास) घ्यावा का, आणि बुकिंगला सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

बेत चांगला आहे आणि जमेल. फक्त बुकिंग बोटींपासून सुरू करा. त्यानंतर रेल्वे, आणि हॉटेलं सगळ्यात शेवटी. रेल्वे एक चुकली तरी दुसरी असते. रात्रीची बोट एका कंपनीची दिवसाला फार तर एकच सुटते आणि चार बर्थच्या केबिन आधी भरतात. बोटीची तारीख एक दिवसाने सरकली की पुढची सगळी हॉटेलं सरकतात. जाण्या-येण्याचं विमान मल्टि-सिटी काढा, कोपनहेगनला उतरायचं आणि हेलसिंकीहून परत. नाहीतर शेवटचे दोन दिवस आलेल्या वाटेने मागे जाण्यात जातील.

रात्रींची वाटणी मी अशी करेन: कोपनहेगन 3, बोट 1, ओस्लो 2, फ्लोम किंवा व्हॉस (बर्गनच्या वाटेवरची गावं) 1, बर्गन 2, परत ओस्लो 1, स्टॉकहोम 3, बोट 1, हेलसिंकी 3. टॅलिन हेलसिंकीहून एका दिवसात करा.

ह्या वाटणीत नॉर्वेत 6 रात्री होतात, म्हणजे सर्वांत जास्त. म्हणून शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज नॉर्वेकडे. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे, एस्टोनियाही आहे, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून फेब्रुवारीत उरकून टाका. व्हिसाच्या अर्जाला जोडायच्या दिवसवार तक्त्यात बोटीच्या दोन रात्रींसमोर बोटीचं बुकिंग जोडायला विसरू नका. ते नसेल तर त्या रात्री राहण्याची सोय नाही असंच दिसतं आणि विनाकारण शंका येते.

तुमच्या तारखांचा एक फायदा आहे. स्वीडन-नॉर्वेच्या शाळांना जूनच्या मध्याच्या आसपास सुट्ट्या लागतात आणि जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडसमर हा उन्हाळ्याचा सण येतो. तेव्हा केबिनचे भाव चढतात आणि शहरात दुकानं बंद असतात. तुम्ही त्याच्या आधीच परत येताय. पेंटेकॉस्ट ह्या ख्रिस्ती सणाचा सोमवार मात्र डेन्मार्क-नॉर्वेत सुट्टीचा असतो आणि त्याची तारीख दरवर्षी बदलते, ती एकदा कॅलेंडरमध्ये बघून घ्या.

आता पास. ह्या मार्गावर रेल्वेचे लांब टप्पे तीनच: ओस्लो-बर्गन, बर्गन-ओस्लो आणि ओस्लो-स्टॉकहोम. बाकी सगळं पाणी. युरेलचा लहानात लहान ग्लोबल पास 4 प्रवास-दिवसांचा असतो. मोठ्या माणसाबरोबर 4 ते 11 वर्षांच्या दोन मुलांना मोफत पास मिळतो आणि साठीपुढच्यांना 10 टक्के सूट असते, हे खरं. पण लांबच्या गाड्यांचं रिझर्व्हेशन पासवर वेगळे पैसे देऊन करावं लागतं, मोफत पासवाल्या मुलीचंही. फ्लोमच्या डोंगरी रेल्वेवर तर पास चालतच नाही, फक्त सवलत मिळते. तीन टप्प्यांसाठी पास परवडत नाही. तीनेक महिने आधी विक्री उघडली की स्वस्तातली ठरावीक तिकिटं थेट रेल्वे कंपनीकडून घ्या. पाच-सहा टप्पे असते आणि तारखा मोकळ्या ठेवायच्या असत्या, तर मी उलट सांगितलं असतं.

कोपनहेगन-ओस्लो बोट वर्षानुवर्षं डीएफडीएस ही कंपनी चालवायची. 2024 अखेर तो मार्ग गो नॉर्डिक क्रूझलाइनकडे गेला, त्यामुळे जुन्या लेखांमधल्या लिंकवर शोधत बसू नका. बोट दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओस्लोला लागते. सकाळी लवकर उठून डेकवर जा. ओस्लो फ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे जमिनीत खोल शिरलेली समुद्राची खाडी) ड्रोबाक गावापाशी अरुंद होतो आणि तिथल्या बेटावर ऑस्कार्सबोर्गचा किल्ला दिसतो. 9 एप्रिल 1940 ला ह्याच किल्ल्याने ब्ल्यूशर ही जर्मन युद्धनौका बुडवली. ओस्लोच्या धक्क्यापासून मुख्य स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

ओस्लोला परत यायचंच आहे, म्हणून मोठ्या बॅगा तिथल्या हॉटेलात ठेवा आणि बर्गनला तीन दिवसांचे कपडे तेवढे न्या. कारण बर्गनच्या वाटेवर चार वेळा वाहन बदलायचंय: ओस्लो ते मिर्दाल रेल्वे, मिर्दाल ते फ्लोम डोंगरी रेल्वे, फ्लोम ते गुदवांगेन बोट, गुदवांगेन ते व्हॉस बस, आणि व्हॉसहून पुन्हा रेल्वेने बर्गन. आईंचे गुडघे बघता हे एका दिवसात करू नका, म्हणून वर फ्लोमची एक रात्र धरली. फ्लोमला राहिलात तर दुसऱ्या दिवशी सकाळची बोट निवांत पकडता येते. हाच मार्ग पॅकेज म्हणूनही विकला जातो. गाड्या आणि बोटी त्याच असतात, पॅकेजमध्ये जुळवाजुळव तुमच्यासाठी कोणीतरी करतं इतकंच. चार वेळापत्रकं एका कागदावर मांडायची तयारी असेल तर सुटं बुकिंग सोपं आहे.

ओस्लो-बर्गन रेल्वेमार्गावर फिन्से हे सर्वांत उंच स्टेशन, 1,222 मीटर. मेअखेरीस तिथे बहुधा बर्फच असतं, मुलीला खिडकीजवळ बसवा. मिर्दाल 866 मीटरवर आहे आणि तिथून फ्लोमची गाडी 20 किलोमीटरमध्ये जवळजवळ समुद्रपातळीला उतरते, तासाभरात. चढ 18 मीटरला 1 मीटर. वाटेत क्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी काही मिनिटं थांबते आणि सगळे फलाटावर उतरतात. फलाट ओला असतो, तुषार चष्म्यावर आणि कॅमेऱ्यावर येतात. आईंना दारातूनच दाखवा. पुढचा नॅरोफ्योर्ड 2005 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बोट दोनेक तासांची आहे. ती शांत असते, पण डेकवर वारा बोचतो. मुंबई-पुण्याची थंडी डोळ्यांपुढे ठेवून कपडे घेऊ नका. वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि कानटोपी हवीच.

नॉर्वेत गडबड होते ती बहुतेक रुळांच्या दुरुस्तीमुळे. थंडीत बर्फ असल्याने ही कामं उन्हाळ्यात काढतात, आणि मग गाडीच्या तिकिटावर बस मिळते. वेळापत्रकात 'बुस फॉर तोग' दिसलं की समजावं, ह्या टप्प्यावर रेल्वे नाही. ओस्लो-स्टॉकहोमलाही हे होतं. एरवी थेट गाडीला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. प्रवासाच्या आठवडाभर आधी आणि आदल्या संध्याकाळी तपासा. बोटीच्या दिवशीच लांबचा रेल्वेप्रवास ठेवू नका. गाडी उशिरा पोचली तर बोट थांबत नाही.

स्टॉकहोम-हेलसिंकी बोट दोन कंपन्यांची आहे, सिल्या लाइन आणि व्हायकिंग लाइन. दोघींचे धक्के दोन्ही शहरांत वेगवेगळे आहेत, म्हणून टॅक्सीवाल्याला 'हेलसिंकीची बोट' एवढंच सांगून भागत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते, सकाळी दहाच्या सुमारास पोचते. गेट बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतं, तासभर हाताशी ठेवा. फिनलंडचं घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे आहे. नाश्त्याची वेळ कुठल्या घड्याळाने लिहिलीय ते केबिनमधल्या कागदावर बघा, मोबाइलवर भरवसा नको.

केबिन निवडताना हे बघा. मुख्य भाडं केबिनचं असतं, माणशी नव्हे, म्हणून सगळ्यांना मिळून चार बर्थची केबिन स्वस्त पडते. दोन बर्थ खाली, दोन भिंतीतून उघडणारे वर, शिडीने चढायचे. आईंना खालचा. सर्वांत स्वस्त केबिन गाड्यांच्या डेकच्याही खाली असतात: खिडकी नाही, इंजिनाची घरघर. एक दर्जा वर जा. खिडकीसाठी जास्त पैसे मोजावे असं मला वाटत नाही. संध्याकाळी डेकवरच बसायचं असतं. सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या आत उगवतो, म्हणजे बिनखिडकीची केबिन झोपेला बरीच. बोट लागण्याची सवय असेल तर मधल्या भागातली, खालच्या बाजूची केबिन बरी, आणि डॉक्टरांना विचारून गोळी बोट सुटण्याआधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

शुक्रवार-शनिवार टाळा. ह्या बोटींवर स्थानिक लोक पार्टीला येतात. शिवाय बोट रात्री स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या ओलांड बेटांवरच्या मारिएहामन बंदराला थांबते, तेव्हा आपण पोचलो असं समजून बॅगा घेऊन उभं राहू नका. थांबण्याचं कारण मजेशीर आहे. युरोपीय संघातल्या देशांमधली करमुक्त विक्री 1 जुलै 1999 ला बंद झाली, पण ओलांड संघाच्या अप्रत्यक्ष करांच्या हद्दीबाहेर राहिला. तिथे थांबा घेतला की बोटीवरची दारू-अत्तरं करमुक्त विकता येतात.

बॅगा स्वतःच उचलायच्या. बोळ अरुंद असतात, दोन मोठ्या बॅगा शेजारून जात नाहीत. सुटल्यावर पहिले काही तास बोट स्टॉकहोमच्या बेटांच्या जाळ्यातून जाते, कधी कधी लाल लाकडी घराच्या अंगणातली खुर्ची दिसावी इतकी जवळून. जेवण त्यानंतर करा. सकाळी हेलसिंकी येण्याआधी बोट सुओमेन्लिन्ना किल्ल्याशेजारच्या कुस्तानमिएक्का ह्या चिंचोळ्या वाटेतून शिरते. तटबंदी हात लावता येईल इतकी जवळ वाटते. नेमके त्याच वेळी लोक जिन्यात बॅगा घेऊन चेंगराचेंगरी करत असतात. तुम्ही डेकवर जा, बोट रिकामी व्हायला वेळ लागतोच.

खाण्याचं. तूप, पेढे, खवा, पनीर भारतातून नेऊ नका: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ खासगी सामानातून नेण्यास युरोपात बंदी आहे. सुका चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाजणी चालते. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. बोटीत मात्र केबिनमध्ये काही शिजवता येत नाही. हॉटेलात 'शाकाहारी' म्हटलं की मासे चालतील का असं विचारतात. 'व्हेगन' सांगितलं की अंडं, मासे, जिलेटिन सगळ्याचा प्रश्न मिटतो. काही दह्यांत जिलेटिन असतं, फिनिशमध्ये पाकिटावर 'लीवाते' लिहितात. आईंना स्वीडनमध्ये 'फिलम्योल्क' द्या, आंबट पातळ दहीच. फिनलंडमध्ये 'पीमा' म्हणजे ताक. भात शिजवला की जेवण झालं. नॉर्वेत रविवारी मोठी दुकानं बंद, सामान शनिवारीच भरा.

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनचं चलन नावाने सारखं वाटलं तरी तीन वेगळी आहेत, एकाचं दुसऱ्या देशात चालत नाही. फिनलंड-एस्टोनियात युरो. रोख जवळजवळ लागत नाही, स्वीडनमध्ये तर कित्येक ठिकाणी घेतच नाहीत. दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेवा आणि मशीनने 'रुपयांत की स्थानिक चलनात' विचारलं तर स्थानिक निवडा. रुपयांचा दर महाग लावतात. पासपोर्ट हातातल्या पिशवीत असू दे, शेंगेनच्या आतही कधी कधी तपासतात.

टॅलिनला जायला हेलसिंकीहून दोन-अडीच तास. इथेही टर्मिनल वाचा: वेस्ट हार्बर आणि कातायानोक्का शहराच्या दोन टोकांना आहेत. सकाळची जायची आणि संध्याकाळची यायची तिकिटं एकदम काढा. बंदरापासून जुनं शहर चालत पंधरा-वीस मिनिटं, पण आत सगळी गोट्यांची फरसबंदी आहे आणि तोम्पेआ टेकडी चढावी लागते. आईंसाठी वर जायलाही टॅक्सी करा आणि उतरायलाही. दुखऱ्या गुडघ्यांना उतार जास्त छळतो.