गुरूच्या पायावर डोकं का ठेवायचं? ही लाचारी नाही का?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर पहिल्यांदाच परभणीकडं सासरच्या मठात गुरुपौर्णिमेला जायचंय. तिथं लोक आडवे पडतात, हात उलटसुलट करून पाय धरतात, गुरूंपुढं जमिनीवरच बसतात. याला काही अर्थ आहे, की माणसाला लाचार करायची ही रीत? मी लहानपणापासून सप्ताहांत आणि मठांत वावरलोय, त्यावरून सांगतो. अर्थ आहे, पण शिष्य काय करतो एवढंच बघितलं तर तो निम्माच कळतो. समोरचा त्यावर काय करतो, तेही बघावं लागतं.

आधी हातांचं. समोरासमोर उभं राहिलं की गुरूंचा उजवा पाय आपल्या डाव्या हातासमोर येतो. उजव्या हातानं उजवाच आणि डाव्यानं डावाच पाय धरायचा, म्हणून मनगटं एकमेकांवरून न्यावी लागतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ही रीत दिलेली आहे. घरी करून बघा. हात असे गुंतले की दुसरं काही करता येत नाही, तोल पुढं जातो आणि कंबर आपोआप वाकते.

साष्टांगात छाती, डोकं, हात, पाय, गुडघे, दृष्टी, वाणी आणि मन अशी ८ अंगं धरतात. त्यातली भुईला टेकणारी ५. बाकीची ३ टेकली की नाही, हे शेजाऱ्याला कळायची सोय नाही. (आडवं पडल्या पडल्या मोबाइल वाजला म्हणून एका हातानं खिसा चाचपणारे भक्त मी पाहिलेत.) बायकांनी छाती टेकवायची नाही, गुडघे टेकून कपाळ भुईला लावायचं असा रिवाज आहे, त्यामुळं तुम्हाला कुणी आडवं पडायला लावणार नाही. खाली बसणं तर साधं आहे, ऐकणाऱ्याचं आसन सांगणाऱ्याच्या आसनापेक्षा खाली. कीर्तनातही हेच चालतं.

आता लाचारीचं. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायची वाट सांगितलीय ती प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा अशी. वाकणं आणि राबणं यांच्या मधोमध प्रश्न विचारणं आहे. जिथं पाया पडू देतात पण प्रश्न विचारला की कपाळाला आठ्या येतात, तिथं तुमची शंका खरी समजा.

गुरूच्या बाजूच्या खुणा बघा. वाकलेल्या डोक्यावर हात ठेवणं ही एक. दक्षिणामूर्तीच्या, म्हणजे गुरूच्या रूपातल्या शंकराच्या, हातातली चिन्मुद्रा ही दुसरी: अंगठ्याला तर्जनी टेकलेली, बाकी ३ बोटं मोकळी. अंगठा ब्रह्म, तर्जनी जीव आणि सुटलेली बोटं म्हणजे त्रिगुण, असा अर्थ लावतात. तिथं गुरू तोंडानं काही बोलतच नाही.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती आपल्याच भागातली कथा. तेरच्या गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटणं मारून नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, मग नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथला आले. बघतात तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपलेले! नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, बाबा, जिथं देव नाही तिथं माझे पाय नेऊन ठेव. पाय ठेवतील तिथं पिंड निघायला लागली. म्हणजे नामदेवांनी गुरूच्या पायांना पहिल्यांदा हात लावला तो बाजूला सारायला. शिष्यानं हरकत घेतली आणि गुरूनं त्या हरकतीतूनच शिकवलं. औंढ्याला गेलात तर हे आठवून दर्शन घ्या.

आणि जमलं तर गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहात पहाऱ्याची वेळ बदलताना जाऊन उभ्या राहा. वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत. जाणारा विणेकरी ती गळ्यातून काढून येणाऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. एक सत्तरीचा, दुसरा नुकती मिसरूड फुटलेला, तरी दोघंही वाकतात. वारकऱ्यांत पाया पडणाऱ्याच्या उलट पाया पडायची ही सवय इतकी पक्की आहे की नवा माणूस गोंधळतो. गुरुपूजेतही मला हीच कसोटी वाटते, वाकणाऱ्याकडं बघून समोरच्याचा हात जोडला जातो की नाही.

नुसते हात जोडले तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. चालतं. बऱ्याच मठांत गर्दीमुळं पायांना हात लावूच देत नाहीत, पुढं पादुका ठेवलेल्या असतात. गाणगापूरला तर आपल्याकडची माणसं निर्गुण पादुकांच्याच दर्शनाला जातात. गुडघे दुखणारी म्हातारी माणसं भुईला बोटं लावून कपाळाला लावतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. फक्त सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऐनवेळी रांगेत वाद नको, मागची माणसं लई रेटत असतात.