ब्रेसियाचं क्रीप मॉडेल करताय? आधी आलेख नीट वाचा

मुंबईतला ताजा बेसाल्ट बोगद्याच्या खोलीवरच्या ताणाखाली फारसा सरकत नाही. क्रीपचा, म्हणजे कायम ताणाखाली काळाबरोबर हळूहळू वाढत जाणाऱ्या विकृतीचा, अभ्यास करायचा तो ब्रेसिया (टोकदार तुकडे जुळून बनलेला खडक), टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) आणि शेल (चिखलाचा थरांचा खडक) यांचा. सुरुवातीला बर्गर्स मॉडेल घ्या, म्हणजे मॅक्सवेल आणि केल्विन हे स्प्रिंग-डॅशपॉटचे दोन भाग एकापुढे एक जोडलेलं मॉडेल. मात्र वेग वाढत जाऊन खडक फुटतो तो तिसरा टप्पा त्यात येतच नाही, हे लक्षात असू द्या.

सगळ्यात जास्त घोळ श्यानतेत, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या विरोधात, होतो. एकअक्षीय चाचणीत (नमुन्यावर एकाच दिशेने दाब) विकृती-काळ आलेखाचा सरळ भाग घ्या: अक्षीय ताण भागिले विकृतीच्या दराची तिप्पट, म्हणजे मॅक्सवेलची कातर श्यानता. समजा ताण १५ मेगापास्कल आणि विकृतीचा दर दिवसाला १० मायक्रोस्ट्रेन (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीच्या दहा लाखाव्या भागाइतका बदल). उत्तर ५०० गिगापास्कल-दिवस, म्हणजे ४.३ × १०^१६ पास्कल-सेकंद. तो ३ विसरलात की श्यानता तिप्पट येते आणि बोगदा कागदावर उगाच स्थिर दिसतो. एककंही तपासा, कारण दिवस आणि सेकंदांची गल्लत झाली तर प्रोग्राम तक्रार करत नाही.

आता तो दर खरा आहे का ते पाहा. रात्री प्रयोगशाळेतला एसी बंद झाला आणि तापमान ५ अंशांनी चढलं, तर नुसत्या प्रसरणानेच ३० मायक्रोस्ट्रेनच्या आसपास फरक पडतो. म्हणून एसी चोवीस तास चालू ठेवा, शेजारी बिनभाराचा नमुना विकृती मोजणारा गेज लावून ठेवा आणि त्याचं वाचन वजा करा. पावसाळ्यात टफ दमट हवेने मऊ पडतो, तेव्हा नमुना मेणाने सील कराच.

बोगद्याच्या संगणकीय मॉडेलमध्ये आधी खोदकाम करून स्थितिस्थापक समतोल साधा, मगच काळ चालू करा. टाइमस्टेप, म्हणजे गणनेत काळ एका वेळी जितका पुढे सरकतो तो टप्पा, सगळ्यात लहान श्यानता भागिले सगळ्यात मोठा कातर गुणांक याच्या बराच खाली ठेवा. असंतुलित बल (मॉडेल समतोलापासून किती दूर आहे ते दाखवणारं उरलेलं बल) वाढायला लागलं तर तो आणखी कमी करा.