टेस्ट लिहिली, पण ठेवायची कुठे?

प्रश्न: मी पीडीएफ बनवणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीत (सगळ्यांना खुल्या असलेल्या तयार कोडमध्ये) कॉन्ट्रिब्यूट करतो, अक्षरं जुळवायला ती हार्फबझ हे इंजिन वापरते. मजकुरात 'दऱ्या' असलं तरी पीडीएफमध्ये 'दर्या' छापलं जातं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. ही चूक आपोआप पकडणारी टेस्ट लिहून तयार आहे, पण आमचे मेंटेनर, म्हणजे लायब्ररी सांभाळणारे, म्हणतात हार्फबझला पाठव आणि फॉन्टवाले म्हणतात आमच्याकडे नको. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी चूक कोणाकडे होतेय ते शोधा, टेस्टची जागा त्यावरूनच ठरते. तोच फॉन्ट घेऊन हार्फबझची एचबी-शेप ही कमांड चालवा आणि र, हलंत, झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह), य हा क्रम द्या, फॉन्टमधले कुठले ग्लिफ, म्हणजे अक्षरांचे आकार, निवडले ते नावानिशी दिसतं. 'ऱ्या'मधला अर्धा र नीट आला तर हार्फबझ आणि फॉन्ट दोघंही सुटले. मला तर तुमच्याच लायब्ररीचा संशय येतोय, कारण फॉन्टमध्ये अर्धा र नसता तर र पाय मोडलेला दिसला असता, पण तुम्हाला रफार दिसतोय, म्हणजे मधला झेडडब्ल्यूजे कुणीतरी गाळलाय. तो डोळ्याला दिसत नाही ना, मग टेक्स्ट साफ करणाऱ्या फंक्शनमध्ये हमखास उडतो! खात्री करायला हाच शब्द नुक्त्याच्या ऱ ने टाइप करून बघा, त्यात झेडडब्ल्यूजे लागतच नाही. तो बरोबर छापला की समजा चोर घरातच आहे.

मग टेस्टही घरातच. ज्याच्या कोडमध्ये दुरुस्ती, त्याच्याकडे टेस्ट, मी तरी हेच मानतो. फक्त त्यात ग्लिफचे नंबर आणि रुंदी तपासू नका, फॉन्टची पुढची आवृत्ती आली की टेस्ट विनाकारण लाल, म्हणजे नापास होईल, हार्फबझच्या हातात झेडडब्ल्यूजेसकट मजकूर पोचतो का एवढंच तपासा.

एचबी-शेपमध्येच रफार आला आणि दुसऱ्या फॉन्टमध्येही तेच झालं तर मात्र हार्फबझकडे जा. त्यांच्या शेप टेस्ट म्हणजे एकेक ओळ असते, फॉन्ट, ऑप्शन, युनिकोड आणि अपेक्षित ग्लिफ. पूर्ण फॉन्ट पाठवू नका, पायएफटीसबसेट या फॉन्ट कापणाऱ्या टूलने लागतील तेवढेच ग्लिफ ठेवा, लायसन्स बघून. ही मेहनत वाया जात नाही, फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस सगळे तेच इंजिन वापरतात, एका ओळीने सगळीकडची मराठी सांभाळली जाते.

मेंटेनरांशी वाद घालत बसू नका, एचबी-शेपचं आउटपुट पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे कोडमधला बदल सुचवता तिथे, चिकटवा.