आईला अचानक गरगरतं, घरच्यांनी काय करावं?

कूस बदलताना किंवा माळ्याकडे मान वर करताना घर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं असेल तर दोष बहुतेक वेळा कानात असतो. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भलत्याच नलिकेत शिरतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठराविक क्रमाने वळवून ते परत जागी आणतात, याला एप्ली पद्धत म्हणतात. माझ्या सासूबाईंना दोन खेपांत आराम पडला. त्याआधी आठवडाभर आम्ही ‘पित्त झालंय’ म्हणून कोकम सरबत पाजत होतो!

झटका आला की आहे तिथेच बसवा, धरून चालवू नका. रात्री बाथरूमचा दिवा चालू राहू द्या. मात्र बोलणं जड झालं, हात लुळा पडला, दोन-दोन दिसू लागलं किंवा उभंच राहता येईना, तर लगेच 108 ला फोन करा.