विणीचा ताण आणि सजावटीचा हट्ट: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात थंडीच्या स्वेटरांचे नमुने दिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांत विणीविषयीचे प्रश्न थोडे होते आणि विणून झालेल्या कपड्यावर काय लावावे, किंवा लावले ते का बिघडले, यांविषयीचे प्रश्न बरेच होते. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: मुलीच्या चौथ्या वाढदिवसासाठी दोन सुयांवर बंद गळ्याचा स्वेटर विणला आणि गळ्याला सुती लेस शिवली. दिसायला फार सुरेख झाला, पण आता तो तिच्या डोक्यातून जातच नाही. लेस लावण्यापूर्वी मात्र सहज जात होता. माझे काय चुकले? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आपण लेस गळ्याच्या मापाने घेतलीत, ती डोक्याच्या मापाने घ्यायला हवी होती. विणलेला गळा सपाट ठेवून मोजला तर साधारण ३६ सेंटिमीटर भरतो, परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५० सेंटिमीटरच्या आसपास असतो. मधले १४ सेंटिमीटर वीण ताणून भरून काढते आणि डोके गेले की पुन्हा मिटते. मागावरच्या कापडाला किंवा लेसला ही मुभा नसते, त्यामुळे ३६ सेंटिमीटरची लेस टाक्याटाक्याने शिवली की गळा तेवढ्यावरच जखडला जातो.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच चुकीतून निघतो. लेस काळजीपूर्वक उसवा आणि ५२ सेंटिमीटरची नवी लेस घ्या, म्हणजे जोडासाठीही थोडी उरेल. ती आधी कोमट पाण्यात तासभर भिजवून वाळवा, कारण सुती लेस पहिल्या धुण्यात आटते आणि नंतर आटली तर पुन्हा हाच प्रसंग ओढवेल. लेसचे चार समान भाग करून गळ्याच्या चार भागांशी टाचण्यांनी जोडा आणि मधली लेस बारीक चुण्या घालत बसवा. स्वेटर सपाट असताना तिची झालर दिसेल, डोके घालताना चुण्या उलगडतील. शिवताना धावदोरा घालू नका, तो ताण पडला की तटकन तुटतो. तिरका, सैल हेमचा टाका घाला आणि दर चार-पाच टाक्यांनी गळा दोन्ही हातांनी ओढून पाहा. चुण्या नकोशा असतील तर एका खांद्याची शिवण उसवून तेथे दोन बटणांची चीर ठेवता येईल, पण पूर्ण झालेला खांदा उघडण्याचे काम मी स्वतः टाळते.

नॉर्वेतील सेटेस्डाल खोऱ्यात काळ्या-पांढऱ्या लोकरीचा एक जुना विणलेला कोट आहे. त्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे त्याला तेथील भाषेत चक्क ‘उवांचा कोट’ म्हणतात. त्याच्या गळ्याला आणि मनगटांना रंगीत भरतकाम केलेल्या जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. हे कापड अजिबात ताणत नाही, तरीही अडचण होत नाही, कारण कोट पुढे उघडतो आणि धातूच्या आकड्यांनी बंद होतो. न ताणणारी पट्टी हवीच असेल तर कपडा पुढून उघडणारा ठेवावा, हे त्या लोकांनी नेमके ओळखले होते.

प्रश्न: क्रॉस स्टिचच्या आलेखावरून नवऱ्याच्या बिनबाह्यांच्या स्वेटरवर मोर भरला. एकही टाका चुकलेला नाही, मी दोनदा मोजले, तरी मोर बदकासारखा बसका दिसतो. (एक वाचक, इंदूर)

उत्तर: आपले मोजणे बरोबर आहे, चूक आलेखाच्या कागदाची आहे. क्रॉस स्टिचच्या कापडाचे घर चौकोनी असते, पण विणलेला सुलट टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. समजा, आपल्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात. मग ४० घरे रुंद आणि ४० घरे उंच असा मोर स्वेटरवर साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम १३ सेंटिमीटर उंच होतो. त्याची मान अशी हरवली.

पुढच्या वेळी आलेखाचे घर १५ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर उंच, किंवा याच प्रमाणात लहान, असे आखून घ्या आणि चित्र त्यावर नव्याने काढा. ४० ओळींच्या जागी सुमारे ५५ ओळी लागतील. काही ओळी नुसत्या दुप्पट करून उंची भरता येते, पण मानेच्या आणि तुऱ्याच्या वळणात पायऱ्या दिसू लागतात, म्हणून वळणे डोळ्यांनी पाहून काढलेलीच बरी.

विणलेल्या टाक्यावर टाका भरताना बोथट टोकाची सुई वापरावी, म्हणजे खालची लोकर फाटत नाही. सुलट टाका नीट पाहिला तर ‘व्ही’ आकाराच्या दोन पाकळ्या दिसतात. सुई त्यांच्या खालच्या टोकातून वर काढा, वरच्या ओळीतील टाक्याच्या दोन्ही पाकळ्यांमागून आडवी न्या आणि पुन्हा त्याच खालच्या टोकात उतरवा. नवा दोरा जुन्या टाक्यावर अलगद पहुडला पाहिजे. घट्ट ओढला तर मूळ रंग दोन्ही बाजूंनी डोकावतो.

आत्ताचा मोर मात्र मी उसवणार नाही. त्याच्या डोक्यावर साखळी टाक्याने दोन बोटे उंच तुरा काढा आणि पिसाऱ्याच्या वरच्या कडेतून आठ-दहा पिसे साखळीनेच वर न्या. साखळी टाका घरांच्या हिशेबाला बांधलेला नसतो, त्यामुळे उंची हवी तेवढी वाढवता येते, शिवाय तो थोडाफार ताणही सोसतो.

प्रश्न: नातीसाठी बाळंतविडा करते आहे. टोपरे, स्वेटर आणि मोजे विणून झाले आहेत. स्वेटरवर मोत्यांची बटणे आणि छातीवर सॅटिनच्या रिबिनीचा बो लावावा, तसेच गळ्यात गोंड्यांची नाडी ओवावी, असा विचार आहे. (एक आजी, नाशिक)

उत्तर: आजी, यातले एकही लावू नये, असे मला स्पष्टच लिहावे लागते आहे. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि मोत्याच्या बटणामागचे कडे विणीतून सुटायला वेळ लागत नाही. गळ्यातील नाडी तर नकोच. युरोपात मुलांच्या कपड्यांतील नाड्यांसाठी ईएन १४६८२ हे मानक आहे आणि त्यानुसार लहान मुलांच्या कपड्यांना गळ्याशी व कपड्याला जोडलेल्या टोपीला नाडी लावता येत नाही, कारण ती कशात तरी अडकून फास बसू शकतो. टोपऱ्याला नाडीऐवजी कडेने एक सुलट, एक उलट अशी तीन बोटे रुंद बॉर्डर विणा, म्हणजे ते आपोआप डोक्यावर बसते.

बो हवाच असेल तर तो विणीतच काढावा. १९२७ मध्ये पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्ली यांच्या ज्या काळ्या स्वेटरने नाव कमावले, त्यावरचा पांढरा बो बांधलेला नव्हता, तो विणलेला होता आणि लांबून मात्र खराच वाटे. वरच्या उत्तरातील टाक्यावर टाका भरण्याची पद्धत वापरून आपल्यालाही तसा बो काढता येईल. तो सुटत नाही आणि बाळाच्या तोंडात जात नाही. भोवती गाठीच्या टाक्यांचे बारीक ठिपके द्या. आतल्या बाजूने मात्र एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत लांब धागे सोडू नका, त्यांत बाळाची बोटे अडकतात. हौसेचे मोती बोरन्हाणाच्या वेळी हलव्याच्या दागिन्यांबरोबर घालता येतीलच, तेव्हा सगळ्यांचे डोळे बाळावरच असतात.

प्रश्न: ॲक्रिलिकच्या स्वेटरवर इस्त्रीने चिकटणारे तयार फूल लावले. फूल चिकटले, पण त्याच्याभोवतीची वीण सैल आणि चकचकीत झाली. ती पूर्ववत कशी करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ती पूर्ववत होणार नाही. उष्णतेने ॲक्रिलिकचा धागा मऊ पडून त्याची लवचीकता कायमची जाते. त्या जागेवर थोडे मोठे फूल क्रोशाने विणून सुईदोऱ्याने शिवा, आणि पुढे कधीही ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका.

प्रश्न: लोकरीच्या शालीवर काचेचे मणी आणि टिकल्या लावायच्या आहेत. विणतानाच ओवाव्यात की नंतर शिवाव्यात? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: मणी विणताना घ्यावेत आणि टिकल्या नंतर शिवाव्यात. टिकलीची कड धारदार असते, ती विणताना लोकरीवरून शेकडो वेळा सरकली की लोकर झिजते.

मणी घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत सगळे मणी सुईवर टाके घालण्यापूर्वीच लोकरीत ओवून ठेवतात. लोकर मण्याच्या भोकातून जात नसेल तर बारीक सुईत शिवणाचा दोरा दुहेरी ओवून त्याचा फास करा, फासात लोकरीचे टोक अडकवा आणि मणी सुईवरून दोऱ्यावर, दोऱ्यावरून लोकरीवर सरकवा. जेथे मणी हवा, तेथे लोकर पुढे घ्या, एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, मणी त्या टाक्यासमोर सरकवा, लोकर मागे नेऊन पुढचा टाका विणा. रंगीत नक्षी असेल तर ध्यानात ठेवा की शेवटी ओवलेला मणी पहिल्यांदा विणला जातो, त्यामुळे ओवणे उलट्या क्रमाने करावे लागते. दुसऱ्या रीतीत अगदी बारीक क्रोशाची सुई मण्यातून घालून तिने टाका त्यातून ओढून घेतात. ही रीत संथ आहे, पण ओवलेले मणी लोकरीवर घासत राहत नाहीत. नाजूक लोकरीसाठी मी हीच वापरते.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या पहिल्या शालीवर मी हौसेने सगळीकडे मणी पेरले आणि ती हँगरला टांगून ठेवली. हिवाळा संपेपर्यंत शाल वीतभर लांब झाली होती आणि मधली जाळी लोंबकळत होती. तेव्हापासून लोकर आणि मणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेगवेगळे तोलते आणि मण्यांचे वजन लोकरीच्या एक दशांशापलीकडे जाऊ देत नाही. मणी दोन्ही टोकांच्या कडांना ठेवले तर तेच वजन उपयोगी पडते, शाल खांद्यावरून छान सुटते. ती घडी घालूनच ठेवावी. धुताना उशीच्या अभ्र्यात घालून हाताने धुवावी आणि पंचावर सपाट पसरून वाळवावी.

विकत आणलेल्या मण्यांतील दहा मणी रात्रभर साबणाच्या कोमट पाण्यात पांढऱ्या चिंधीसोबत ठेवून पाहावेत. रंग सुटतो की नाही हे सकाळी कळते, आणि ते शाल विणण्यापूर्वी कळलेले बरे.

प्रश्न: पुढून उघडणाऱ्या स्वेटरला जड लाकडी बटणे लावली. आता बटणपट्टी लोंबते आणि दोन बटणांच्या मध्ये फट पडते. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: पट्टीच्या आतल्या बाजूने आडव्या बारीक रेघांची, न ताणणारी रिबीन लावा. स्वेटर टेबलावर सपाट ठेवून, पट्टी न ओढता माप घ्या आणि त्या मापाची रिबीन दोन्ही कडांनी हेम करा. मग प्रत्येक बटण पुन्हा शिवा. बटणाच्या मागे, रिबिनीच्या आत, शर्टाचे एक छोटे बटण धरा म्हणजे ताण विणीऐवजी त्या बटणावर येईल. वरच्या बटणाखाली काडेपेटीची काडी आडवी ठेवून टाके घाला, काडी काढून घ्या आणि सैल राहिलेल्या धाग्यांभोवती दोरा पाच-सहा वेळा गुंडाळून गाठ मारा. बटणाला जी मान मिळते, तीत काजाची जाड वीण नीट बसते. एवढे करूनही फट राहिली तर बटणे खूप दूर आहेत, असे समजावे. अशा वेळी मध्ये नवे काज विणण्यापेक्षा आतून प्रेसचे छोटे बटण रिबिनीवर शिवून टाका.