बँड दिसला, आता पुढे

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) पाहिला. औषध दिलेल्या उंदरांत फॉस्फो-एक्टचा, म्हणजे फॉस्फेट जोडून चालू झालेल्या एक्ट प्रथिनाचा, बँड ठळक आहे, एक्ट पेशीला जगायला मदत करतो, म्हणजे स्ट्रोकनंतर औषधाने याच मार्गाने चेतापेशी वाचवल्या, असं तू लिहितेयस. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

एकूण एक्टचा (फॉस्फेट असलेला-नसलेला सगळा) बँड शेजारी नाही, तो आधी लाव. मेंदू काढून द्रव नायट्रोजनमध्ये टाकेपर्यंत किती वेळ गेला, हे प्रत्येक उंदरापुढे वहीत लिही. तेवढ्या वेळातही प्रथिनांवरचे फॉस्फेट झपाट्याने गळतात.

आणि तापमान! याबाबत मी हट्टी आहे. एमके-801 हे औषध एनएमडीए रिसेप्टर (चेतापेशीवरचं, ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाला प्रतिसाद देणारं प्रथिन) बंद करतं, म्हणून ते मेंदू वाचवतं असा समज होता. 1990 मध्ये ब्युकन आणि पुल्सिनेली यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांमध्ये दाखवलं, की औषधाने प्राणी थंड पडत होते आणि संरक्षण त्या थंडीमुळे मिळत होतं. अंग उबदार ठेवल्यावर फायदा उरला नाही. तुझ्या नोंदींत शस्त्रक्रियेनंतरचं तापमान कुठेच नाही.

दुसरं, पेशीतला संदेश स्ट्रोकनंतर कधीचा आहे ते बघ. रक्तपुरवठा तुटल्यावर ग्लुटामेट साचतं, एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते. पण वाचलेल्या पेशींना पुढे त्याच रिसेप्टरचे संदेश लागतात. नेरिनेटाइड या पेप्टाइड (छोट्या प्रथिन-साखळीच्या) औषधाची कल्पना म्हणूनच मला फार देखणी वाटते: रिसेप्टर चालू ठेवायचा, फक्त पीएसडी-95 प्रथिनामार्फत पेशीला घातक नायट्रिक ऑक्साइडकडे जाणारी जोडणी सोडवायची. तरीही 1105 रुग्णांच्या चाचणीत (2020) एकूण फायदा दिसला नाही. अल्टेप्लेज (रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध) मिळालेल्यांच्या रक्तात त्यामुळे तयार झालेलं प्लाझ्मिन हे एन्झाइम नेरिनेटाइडचे तुकडे करत होतं. अल्टेप्लेज न मिळालेल्यांत फायदा दिसला खरा, पण फक्त अशा रुग्णांवर पुढे केलेल्या चाचणीत तो टिकला नाही. म्हणून तुझं औषध मेंदूत किती पोचतं आणि किती वेळ टिकतं, हे मोजल्याशिवाय मार्गाची चर्चा नको.

आता खरा प्रयोग. औषधासोबत पीआय3के, म्हणजे एक्टला चालू करणारं एन्झाइम, रोखणारं एलवाय294002 दे. एक्ट दबूनही मेंदू वाचला, तर एक्टला श्रेय देता येणार नाही. एलवाय294002 इतर काही एन्झाइमांनाही अडवतं, तेव्हा दुसरा एखादा रोधकही ठेव. केवळ रोधक दिलेला गट विसरू नकोस, आणि कोणता उंदीर कोणत्या गटातला हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. गटांची आखणी पाठव, मग बोलू.